ठसठशीत कुंकू

माझी आई सौंदर्यस्पर्धांमध्ये उतरायची असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्या तोंडाकडे बघतात. बघा की, खुशाल बघा! मी वडिलांवर गेले आहे. नाक बसकं आणि कपाळ अर्धं केसांत. आईचं कपाळ मात्र रुंद होतं, नितळ होतं, आणि त्यावर कुंकू टेकवलं की ते तिथं कायमचं राहायला आलंय असं वाटायचं. ही सगळी हकिकत त्या कपाळाचीच आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी गेली आणि सचिवालयातल्या फायलींबरोबर माझे वडीलही भोपाळला रवाना झाले. साधे कारकून होते. पाठोपाठ आई, मी आणि माझे दोन धाकटे भाऊ. आता ज्याला तुलसी नगर म्हणतात त्या बाजूला तेव्हा सरकारी क्वार्टर उभी राहत होती. आमच्या रांगेला दारं लागली होती, समोरच्या रांगेला लागायची होती आणि त्यापलीकडे नुसते पायाचे खड्डे. रस्ता नाही, दिवे नाहीत, दुपारी वारा सुटला की जेवणात कचकच. ‘काय ही राजधानी बापा!’ असं म्हणत सगळे नागपूरकर भाकरीतली माती चावायचे.

इथं कुणाचं माहेर नव्हतं की सासर नव्हतं. गावातले लोक हिंदी-उर्दू बोलायचे आणि आमच्या बायका ‘भैया, वो कोथिंबीर कैसे दिया’ एवढ्यावर अडायच्या. तेव्हा आपलं माणूस म्हणजे रांगेतलं माणूस, आणि आपलं असल्याची खूण म्हणजे हळदीकुंकवाचं बोलावणं. चैत्रातलं, श्रावणातलं, संक्रांतीचं. पुण्यामुंबईकडे एखादं बोलावणं चुकलं तर चुकलं. आमच्याकडे ज्या बाईला बोलावणं आलं नाही ती बाई भोपाळात एकटी पडली, इतकं ते सरळ होतं.

बोलावणी कुणाला जायची हे शेजारच्या काकू ठरवायच्या. त्यांची नि आमची भिंत एकच. काकू आईपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, अंगानं भरलेल्या, आवाजानं त्याहून भरलेल्या. कुणाच्या घरी बाळंतपण असलं की काकू हजर, कुणाचं पोर आजारी पडलं की उशाशी काकू. माणूस सोन्यासारखं होतं. पण एकदा का त्यांनी तोंड फिरवलं की रांगेतल्या साऱ्या बायकांची तोंडं फिरायची.

आई दुपारी बालवाडी घ्यायची. आमच्या मागच्या मैदानात क्वार्टर बांधणाऱ्या मजुरांच्या झोपड्या होत्या. बाया दिवसभर डोक्यावर घमेली वाहायच्या आणि त्यांची पोरं खडीच्या ढिगांवर लोळायची. एकदा एक पोर चुन्याच्या हौदात पडता पडता वाचलं. आईनं ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून ओटा आवरला की ती कडुनिंबाखाली सतरंजी टाकून बसायला लागली. ना पगार, ना कुणी सांगितलेलं. शेंबूड पुसायचा, हात धुवायचे, गाणी म्हणायची आणि पाटीवर रेघोट्या. आमच्या जुन्या सतरंजीचा पार भुगा झाला. पावसाळ्यात मात्र ते सगळं बंद पडायचं, कारण वर छप्पर नव्हतं. तिनं दोन-चार साहेबांना विचारून पाहिलं. मजूर आज आहेत, उद्या नाहीत, त्यांच्या पोरांना खोली कशाला, असं उत्तर मिळालं.

मग क्लबाच्या आनंदमेळ्यात लग्न झालेल्या बायकांची सौंदर्यस्पर्धा जाहीर झाली. साहेबांच्या बायकांनी आपसात गंमत म्हणून ठेवली होती. एखाद्या कारकुनाची बायको उभी राहील हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, म्हणून तशी मनाई करायचीही राहून गेली. जिंकणाऱ्या बाईनं पाहुण्यांसमोर दोन शब्द बोलायचे होते. आईनं वडिलांना विचारलं, “अहो, दोन शब्द म्हणजे किती वेळ बोलू देतील?”

वडिलांचा घास हातातच राहिला. “तुला काय करायचंय?”

“बालवाडीला छप्पर मागायचंय.”

वडील त्या दिवशी चिडले, दुसऱ्या दिवशी गप्प बसले आणि तिसऱ्या दिवशी साडीला इस्त्री करून आणतो म्हणाले. असं त्यांचं होतं. आमच्या घरातल्या भांडणांना फार आयुष्य नसायचं.

त्या स्पर्धेत आई दुसरी आली. दुसऱ्या नंबरला बोलायला मिळत नव्हतं. एक काचेचा पेला मिळाला आणि आठवडाभर रांगेत कुजबुज मिळाली. काकू मात्र कुजबुजल्या नाहीत, त्यांनी तोंडावरच सांगितलं, “काहून गं? चार पुरुषांसमोर मिरवायला तुला घरचं काम कमी पडलं का?” आई म्हणाली, “काकू, पोरांसाठी गेले हो.” काकू म्हणाल्या, “पोरांसाठी देवळात जातात.”

चैत्रगौरीचं हळदीकुंकू काकूंच्या घरी होतं. दर वर्षी आंब्याची डाळ आईनं करायची हे ठरलेलं. त्या वर्षी निरोपच आला नाही. आई सकाळी कैऱ्या किसून बसली होती, न जाणो ऐनवेळी बोलावतील म्हणून. संध्याकाळ झाली, भिंतीपलीकडून बांगड्या वाजायला लागल्या, कुणी उखाणा घेतला, सगळ्या खिदळल्या. आमच्या घरात आई आमटी ढवळत उभी होती. आमटी उकळून उकळून आटली तरी तिचा हात थांबेना. शेवटी मीच पातेलं उतरवलं. त्या कैरीचं पुढं काय केलं ते आठवत नाही, पण डाळ काही झाली नाही.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर आमच्याकडे कुणी कुंकू लावायला आलं नाही आणि आईला कुणी बोलावलं नाही. दिसल्या की बोलायच्या, नळावर भांडी सरकवून द्यायच्या, सगळं वरवर ठीक. आई मला म्हणायची, “असू दे गं.” असू दे कसलं डोंबलाचं! रात्री केस विंचरताना मला भिंतीकडे कान देऊन बसलेली दिसायची ती.

तरी ती दुसऱ्या स्पर्धेला गेलीच. गोविंदपुऱ्याकडे कारखान्याची नवी वसाहत उठत होती, तिथल्या क्लबात होती. या खेपेला वडिलांनी तिची तयारी करून घेतली. ऑफिसातून आले की खुर्चीत बसायचे आणि परीक्षकासारखा आवाज काढून विचारायचे, “सांगा, आदर्श गृहिणी कोण?” आई व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालता चालता उत्तर द्यायची. भाऊ मागून तिची नक्कल करत चालायचे. एकदा मी तिला विचारलं, तुला खरंच छपरासाठीच जायचंय का? लहान पोरांना असलं विचारायची बरी बुद्धी होते. ती थांबली. म्हणाली, “छपरासाठीच. पण खरं सांगू? तिथं चालते ना, तेव्हा मला कुणाला काही नेऊन द्यायचं नसतं. हातात ताट नसतं, बादली नसते. नुसती चालते.” मग लाजली आणि मला दळण आणायला पिटाळलं.

छप्पर हे निमित्त होतं असं मी म्हणणार नाही. पण तेवढंच होतं असंही नव्हे, आणि त्यात वाईट काय होतं ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

गोविंदपुऱ्याला ती पहिली आली. आदर्श गृहिणी कोण, हाच प्रश्न आला आणि ती म्हणाली, “जिचं घर तिच्यावाचून दोन तास चालतं ती.” लोकांनी हसून टाळ्या वाजवल्या. वडील शेजारच्यांना सांगत सुटले, “आमच्या घरी तर तीन तास चालतं!” तिनं छपराचं मागणं मांडलं. तिथले मोठे साहेब म्हणाले, “बहनजी, हे आमच्या हातात नाही. आता इंदूरला सगळ्या राज्याची फेरी आहे, मंत्री येणार आहेत. जिंका आणि त्यांच्याकडेच मागा.”

झालं, इंदूरची फेरी आमच्या घरात येऊन बसली. मजुरांच्या बाया घमेलं खाली ठेवून तिला गाठायच्या, “बाईजी, जीत के आना. इस बार पानी में बच्चे नहीं भीगेंगे.” आई हसायची, पण रात्री झोपेना.

आणि मग काकू आल्या. वर्षानं उंबरा ओलांडला आणि जणू काल संध्याकाळीच गेल्या होत्या अशा थेट आत येऊन पाटावर बसल्या. त्यांच्या कानावर आलं होतं की इंदूरला ग्वाल्हेरच्या, इंदूरच्या, जबलपूरच्या बायका येणार. “त्या काय समजतात स्वतःला?” काकू म्हणाल्या. “आमची राजधानी गेली, आमचं हायकोर्ट गेलं. आता ही तरी आपल्या नागपूरची होऊ दे!” आपण काही वाईट बोललो होतो याचा उल्लेख नाही. त्यांनी स्वतःच्या लग्नातला शालू आणला होता, नऊवारी, गर्द जांभळा. “हा नेस,” म्हणाल्या. “आणि निघायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे हळदीकुंकू. तुझ्यासाठी. सगळ्या येतील.”

आई काकूंच्या पायाशी वाकली आणि तशीच खाली बसून रडली. काकूही रडल्या. मीही रडले, कारण मला वाटलं आता सगळं नीट झालं.

आता कुंकवाचं सांगते. आम्ही नागपूरचं कुंकू वापरायचो. कुणी गावाकडून आलं की पुड्या घेऊन यायचं आणि त्या रांगेत वाटल्या जायच्या. त्या वेळी काकूंचा करंडा तळाला गेला होता. सगळी वस्ती येणार, तेवढ्यानं भागेना. म्हणून काकू मुद्दाम टांगा करून जुन्या शहरात चौकात गेल्या आणि तिथल्या दुकानातून कुंकू घेऊन आल्या. दुकानदारानं चार प्रकार दाखवले, त्यातलं सगळ्यात लालभडक त्यांनी निवडलं. “तुझ्या कपाळावर कसं खुलेल बघ!” म्हणाल्या. त्यात कसला रंग होता देव जाणे.

आईला पाटावर बसवलं होतं. मी शेजारी गुलाबदाणी घेऊन. पहिलं बोट काकूंचं. आधी हळद, मग कुंकू, चांगलं दाबून. दुसरी बाई उठली, तिसरी उठली. ज्यांनी वर्षभर नळावर नुसती भांडी सरकवली होती त्या सगळ्या एकेक करून वाकत होत्या, आईच्या कपाळावर आधीच्या कुंकवावर आपलं कुंकू चढवत होत्या, गालांना हळद फासत होत्या. दुपार रणरणती. घामानं ते लाल पाणी नाकावरून ओघळायला लागलं. मला दिसलं की आईनं पदराच्या आत माझ्या फ्रॉकचं टोक धरलंय आणि मूठ आवळलीय.

“काय झालं गं?”

“आग होतेय,” ती ओठ न हलवता म्हणाली. “गप्प बस.”

सवाष्ण बाईनं लावलेल्या कुंकवाला नको म्हणायचं नसतं. आमच्यात तान्ह्या पोरीलाही हे सांगावं लागत नाही. नको म्हटलं तर स्वतःचंच काहीतरी नको म्हटल्यासारखं होतं, नवऱ्यावर येतं, असलं काय काय. पण नुसतं तेवढं असतं तर आईनं काहीतरी निमित्त काढलं असतं, पोर रडतंय म्हणून उठली असती. ती उठली नाही कारण त्या बायका परत आल्या होत्या. एकीला नको म्हटलं आणि पुन्हा भिंतीपलीकडून बांगड्या ऐकत आमटी ढवळायची वेळ आली तर? शेवटच्या बाईचं बोट लागेपर्यंत ती हसत बसली. काकूंनी दृष्ट काढली. घरी येऊन तिनं साबणानं तोंड खसाखसा धुतलं, खोबरेल लावलं, दह्याची साय लावली. कपाळ लालच्या लाल.

सकाळी ती उठली तेव्हा तिचे डोळे उघडेनात. कपाळावर पाणी धरलेले फोड, पापण्या सुजून बंद, गाल टम्म. धाकटा भाऊ तिला बघून माझ्या मागं लपला. टांगा दारात उभा होता. जांभळा शालू घडी घालून पिशवीत. वडिलांनी ऑफिसची रजा काढली होती, कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. ते आईसमोर बसले आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. आई म्हणाली, “पदर पुढं ओढून गेलं तर? मला नुसतं दोन शब्द बोलू दिलं तरी पुरे.” वडील उठून बाहेर गेले आणि टांगेवाल्याला परत पाठवून आले.

काकूंना आईनं सांगितलं की रात्री काहीतरी चावलं. किडा असेल, नव्या क्वार्टरमध्ये निघतात. काकूंनी हळहळून पोटीस करून दिलं, आणि दुकानातून आणलेल्या कुंकवाच्या उरलेल्या पुड्या रांगेत वाटून टाकल्या. इतर कुणाला काही झालं नाही. आईचीच कातडी तेवढी नाजूक निघाली.

वडील म्हणत राहिले, “पुढच्या वर्षी जाऊ.” पण फोड सुकले आणि खाली कातडी पांढरी निघाली. भुवयांच्या मधोमध, आधी तांदळाच्या दाण्याएवढी, मग वाढत वाढत रुपयाएवढी. डॉक्टर म्हणाले, रंग गेला, आता येणार नाही. पुढचं वर्ष आलं तोवर आमच्या समोरच्या रांगा बांधून झाल्या, मजुरांच्या झोपड्या उठल्या आणि पोरं आयांबरोबर दुसऱ्या कामावर निघून गेली, मंडीदीपच्या बाजूला गेली म्हणे. आईनं सतरंजी झाडून माळ्यावर टाकली. छप्पर कुणासाठी मागणार होती?

डाग झाकायला आई कुंकू मोठं लावायला लागली. नागपूरचं, मेणावर, गोल. डाग वाढला तसं कुंकू वाढलं. आणि गंमत बघा, त्या कुंकवाचं अख्ख्या भोपाळात कौतुक. महाराष्ट्र मंडळात कुठल्याही कार्यक्रमाला गेली की बायका म्हणायच्या, “कुंकू लावावं तर यांच्यासारखं ठसठशीत!” सगळ्यात जास्त काकूच म्हणायच्या. नव्या सुनांना आईसमोर उभ्या करून दाखवायच्या. मला संताप यायचा. मी म्हणायचे, आई, सांगून टाक ना एकदा! ती म्हणायची, “त्यांनी किती प्रेमानं आणलं होतं गं. कुठं दुखवायचं?” आणि एखाद्या दुपारी, शेंगा सोलता सोलता, मध्येच म्हणायची, “पहिल्या बोटालाच नको म्हणायला हवं होतं. नाही का?” म्हणायला हवं होतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

व्हरांड्यात ती पुन्हा तशी कधी चालली नाही. जिथं गेली तिथं हातात काहीतरी असायचंच.

वर्षं गेली. निवृत्तीनंतर वडिलांनी आणि काकूंच्या यजमानांनी शेजारी शेजारी घरं बांधली. आम्ही भावंडं मोठी झालो, पांगलो. मग वडील गेले. चौदाव्या दिवशी आई सकाळी आंघोळ करून घरापुढच्या ओट्यावर येऊन बसली. तेरा दिवस पुढं ओढलेला पदर मागं गेला होता, कपाळ मोकळं. इतकी वर्षं ज्याखाली तो डाग लपवला तेच आता गेलं होतं, आणि तो तिथं मधोमध, पांढराफटक, सगळ्या जगाला दिसत होता.

काकू काठी टेकत आल्या. नजर कमी झाली होती, म्हणून अगदी जवळ येऊन बसल्या. आईचा चेहरा हातात धरला आणि अंगठा त्या डागावर थांबला.

“हे काय गं?”

काकूंचा अंगठा तिथंच. मी बघत होते, त्या म्हातारीच्या चेहऱ्यावर ती दुपार हळूहळू परत येताना.

“तो किडा नव्हता,” काकू म्हणाल्या.

“नव्हता.”

“आणि तू इतकी वर्षं...”

“जाऊ द्या हो काकू.”

काकू उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आल्या, हातात त्यांचा करंडा. ज्यांनी अख्ख्या जन्मात कुठल्या विधवेला हळदीकुंकवाच्या पाटाजवळ बसू दिलं नव्हतं, त्याच काकू. आईसमोर उभ्या राहिल्या, करंड्यात बोट बुडवलं. “लावून घे,” म्हणाल्या. “उघडं कपाळ घेऊन लोकांसमोर बसायचं नाही. कोण काय म्हणतं ते मी बघते.” त्यांचं बोट कपाळापर्यंत आलं तेव्हा आईनं त्यांचं मनगट धरलं. घट्ट नाही, अगदी हलकेच.

“नको, काकू,” आई म्हणाली. “आग होते मला त्यानं.”

काकू लाल बोट तसंच धरून उभ्या राहिल्या. मी भिंतीला टेकले. एवढंच तर म्हणायचं होतं तिला त्या दुपारी, पाटावर बसून. एवढंच.